गळ्याच्या तुकड्याची गोधडी

विषय : बाळासाठी गोधडी मिळण्याबाबत.
संदर्भ : काल संध्याकाळचा वारा.
अर्जदार : झुपकी खार. राहणार पेरूचं झाड, खिडकीजवळची फांदी.

तर ऐका.

एक पेरूचं झाड होतं. झाडावर घरटं होतं. घरट्यात झुपकी खार होती. झुपकीला एक बाळ होतं. बाळ एवढंसं. अंगावर केस नाहीत. शेपटी म्हणजे नुसती दोरी.

खिडकीच्या आत आईचं घर होतं. आई घरी कपडे शिवायची. मशीन जेवायच्या टेबलावर. जेवण आलं की मशीन खाली. जेवण झालं की मशीन वर. शाळा असली की मशीन चाले, खडखड खडखड. सुट्टी लागली की "आई, आई, आई," एवढंच चाले.

आई फ्रॉक कापायची. फ्रॉकचा गळा कापायची. कच कच कच. गळ्यातून तुकडा पडायचा. अर्ध्या चंद्रासारखा. तो आईला नको असे. आई तो खिडकीत ठेवी. झुपकी तो नेई. त्याची बाळाला गोधडी होई.

काल वारा आला. भुर्रर्र. गोधडी गेली.

बाळ म्हणालं, "चिक चिक." म्हणजे, थंडी वाजते.

दिवाळीची सुट्टी लागलेली. मशीन बंद. खिडकीत तुकडा नाही. ऊन अजून झाडावर होतं. ऊन उतरायच्या आत गोधडी हवी होती.

झुपकी निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप. खिडकीत आली.

टेबलावर कापडांचा ढीग होता. वर आईच्या लेकीच्या, रेणूच्या, फ्रॉकचं पिवळं कापड. मध्ये शेजारणींची कापडं. सगळ्यात खाली एक जांभळं कापड. ते आईच्या स्वतःच्या ब्लाउजचं. ते गेल्या दिवाळीलाही सगळ्यात खालीच होतं.

ढिगावर कात्री पडली होती. झुपकी म्हणाली,

"कात्रीबाई, कात्रीबाई, कच कच चाल.
तुकडा पडेना,
गोधडी मिळेना,
बाळ माझं कुडकुडतं."

कात्री म्हणाली, "मी आपली आपण चालत नाही. आई उचलत नाही, तोवर मी कापत नाही."

एवढं बोलून कात्रीनं तोंड मिटलं.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप. झुपकी स्वयंपाकघरात आली.

आई चकल्या तळत होती. चर्र चर्र. झुपकी म्हणाली,

"आई, आई, कात्री उचल.
कात्री कापेना,
तुकडा पडेना,
गोधडी मिळेना,
बाळ माझं कुडकुडतं."

आई कढईकडे बघत बोलली. बाळाची चौकशी केली. मग म्हणाली, "कापीन गं, झुपके. पण रेणू किती वाढली आहे बघ. मापाशिवाय कापड कसं कापू? टेप मिळत नाही, तोवर मी कात्री उचलत नाही."

आईची मापाची टेप खुंटीवर असते. सुट्टीत खुंटी असते, टेप नसते. टेप नेली होती निनादनं. निनाद म्हणजे आईचा मुलगा.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप. झुपकी अंगणात आली.

निनाद दिवाळीचा किल्ला करत होता. थप थप थप. हातांना माती. नाकाला माती. किल्ल्याचा बुरूज वाकला होता. बुरुजाला टेप गुंडाळली होती. पडलेल्या माणसाला पट्टी बांधतात, तशी. झुपकी म्हणाली,

"निनाद, निनाद, टेप सोड.
आई उचलेना,
कात्री कापेना,
तुकडा पडेना,
गोधडी मिळेना,
बाळ माझं कुडकुडतं."

निनाद म्हणाला, "टेप सोडली की बुरूज पडेल. आधी ओली माती लिंपायला हवी. पाण्याला बादली हवी. बादली मिळत नाही, तोवर मी टेप सोडत नाही."

खारींना किल्ल्यातलं काही कळत नाही, असंही त्यानं सांगितलं. झुपकीनं ते ऐकून घेतलं. काम असलं की ऐकून घ्यावं लागतं.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप. झुपकी दाराशी आली.

दारात बादली होती. बादली उपडी होती. बादलीवर रेणू उभी होती. रेणू म्हणजे निनादची धाकटी बहीण. तिचे दोन्ही हात वर. हातांत आकाशकंदील. झुपकी म्हणाली,

"रेणू, रेणू, बादली दे.
निनाद सोडेना,
आई उचलेना,
कात्री कापेना,
तुकडा पडेना,
गोधडी मिळेना,
बाळ माझं कुडकुडतं."

रेणूनं मान हलवली नाही. कंदील हलला असता. ती म्हणाली, "आजोबा म्हणाले, कंदील धर, आलोच. मी धरला. ते आलेच नाहीत. आजोबा कंदील बांधत नाहीत, तोवर मी खाली उतरत नाही."

हात दुखतात का, असं झुपकीनं विचारलं. रेणू म्हणाली, हात नाही, नाक खाजतंय. झुपकी तिच्या खांद्यावर चढली. शेपटीनं नाक खाजवलं. फुर्र फुर्र. रेणूला बरं वाटलं. पण बादली काही मिळाली नाही.

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप. झुपकी ओसरीवर आली.

ओसरीवर खुर्ची होती. खुर्चीत आजोबा होते. आजोबांच्या मांडीवर पेपर होता. सकाळपासून आजोबा एकच पान वाचत होते. घरातल्यांना वाटलं, बातमी मोठी असेल. झुपकी म्हणाली,

"आजोबा, आजोबा, कंदील बांधा.
रेणू उतरेना,
निनाद सोडेना,
आई उचलेना,
कात्री कापेना,
तुकडा पडेना,
गोधडी मिळेना,
बाळ माझं कुडकुडतं."

आजोबांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले,

"झुपके, जवळ ये. कुणाला सांगू नकोस. माझ्या पायजम्याला नाडी नाही. काल दोरीवर वाळत होता, तेव्हा होती. आज उठायला गेलो, तर नव्हती. दुसरा पायजमा ओला आहे. नाडी मिळत नाही, तोवर मी खुर्चीतून उठत नाही."

झुपकीनं विचारलं, नाडी कशी असते?

आजोबा म्हणाले, "पांढरी असते. लांब असते. मऊ असते. माझ्या नाडीच्या टोकाला गाठ आहे."

झुपकीनं घरट्याकडे पाहिलं. तिची शेपटी खाली गेली.

झुपकीच्या घरट्यात एक दोरी होती. पांढरी होती. लांब होती. मऊ होती. टोकाला गाठ होती. काल गोधडी गेली, तेव्हा तिनं ती कपड्यांच्या दोरीवरून ओढून नेली होती. खिडकीत ठेवलेला तुकडा कुणाला नको असतो. मग बाहेर टांगलेली नाडीही कुणाला नको असेल, असं तिला वाटलं होतं.

चौकशी संपली. हरवलेली वस्तू अर्जदाराच्याच घरी निघाली. असं होतं. मोठ्या कचेरीत होतं, मग पेरूच्या झाडावर का होऊ नये?

झुपकीनं खरं ते सांगितलं. आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "लोक पेन नेतात. तू नाडी नेलीस. आता आण."

तुरुतुरु, तुरुतुरु, टुप. झुपकी घरट्यात आली.

बाळ झोपलं होतं. बाळाभोवती नाडी होती. तेवढीच काय ती ऊब. नाडी नेली, तर बाळ उघडं. आणि गोधडी मिळेलच, असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

ऊन खालच्या फांदीवर आलं होतं.

झुपकीनं बाळाला चाटलं. झुपकीनं नाडी ओढली. बाळ जागं झालं. म्हणालं, "चिक?"

झुपकी म्हणाली, "आलेच."

आणि खरंच धावली. तुरुतुरुतुरुतुरु, टुप.

झुपकीनं नाडी दिली. आजोबांनी ती पिनेला लावली. पायजम्यात ओवली. इकडून घातली. मध्येच अडकली. पुन्हा घातली. तिकडून निघाली. आजोबांनी गाठ मारली. तिच्यावर आणखी एक गाठ मारली. मग पेपरची घडी केली आणि उठले.

आजोबा उठले,
आजोबांनी कंदील बांधला.

कंदील बांधला,
रेणू बादलीवरून उतरली. आधी तिनं नाक खाजवलं.

रेणू उतरली,
निनादला बादली मिळाली. डचमळ डचमळ, पाणी आलं.

पाणी आलं,
माती भिजली. थप थप थप. बुरूज उभा राहिला.

बुरूज राहिला,
निनादनं टेप सोडली. टेपेवर चिखल होता. आईनं ती धुतली. काय बोलायचं ते धुता धुताच बोलली.

टेप मिळाली,
आईनं रेणूचं माप घेतलं. रेणू म्हणाली, गुदगुल्या होतात. आई म्हणाली, होऊ देत, पण हलू नकोस.

माप मिळालं,
आईनं कात्री उचलली.

कात्री चालली. कच कच कच. गळा कापला. पिवळा तुकडा पडला. अर्ध्या चंद्रासारखा. आईनं तो खिडकीत ठेवला. शेजारी कापडाची लांब पट्टी ठेवली. घरटं बांधायला. म्हणजे नाड्या जागेवर राहतील. नाडीचं आजोबांनीच तिला सांगितलं होतं.

झुपकीनं पट्टी घेतली. झुपकीनं तुकडा घेतला. तुरुतुरु, तुरुतुरु, टुप.

गोधडी बाळाच्या अंगावर आली. मग ऊन झाडावरून उतरलं.

बाळाचं कुडकुडणं थांबलं. बाळ झोपलं.

सकाळी झुपकी खिडकीत आली. तिनं पेरू आणला होता. पेरूला एक चावा होता. तिनं आधी चव पाहिली होती. गोड निघाला, म्हणून आणला. झुपकी म्हणाली,

"आजोबा उठले, बरं झालं.
रेणू उतरली, बरं झालं.
निनादनं सोडली, बरं झालं.
आईनं उचलली, बरं झालं.
कात्रीनं कापला, बरं झालं.
तुकडा पडला,
गोधडी मिळाली,
बाळ माझं गाढ झोपलं."

कात्रीला कुणी कधी बरं म्हटलं नव्हतं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

आईनं पेरू मशीनजवळ ठेवला. पिवळा फ्रॉक शिवून झाला. खडखड खडखड. रेणूनं तो घातला. गिरकी घेतली. शेजारणींचे ब्लाउज झाले. ढीग खाली आला. टेबलावर एकच कापड उरलं. जांभळं.

आई बसली. आईनं कापड उलगडलं. हात फिरवला. टेप हातात घेतली.

निनाद म्हणाला, "आई, भूक."
रेणू म्हणाली, "आई, वेणी."
आजोबांनी चहाची आठवण केली.

आई उठली. कापडाची पुन्हा घडी झाली.

झुपकीनं हे खिडकीतून पाहिलं. झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुप.

ती निनादकडे गेली. निनाद म्हणाला, किल्ला झाला की बघू.
ती रेणूकडे गेली. रेणू म्हणाली, वेणी झाली की बघू.
ती आजोबांकडे गेली. आजोबा म्हणाले, "आलोच."

विषय : आईला तिच्या ब्लाउजसाठी एक दुपार मिळण्याबाबत.
अर्जदार : झुपकी खार. राहणार पेरूचं झाड. या वेळी तुकडा मागितलेला नाही.

अर्ज सगळ्यांना पोचला आहे. कुणी नाही म्हटलेलं नाही. आजोबांच्या पायजम्याला नाडीही आहे. अर्ज अजून पडून आहे.

अर्जदार खिडकीत बसून आहे.