खेकडीचे ओले पाय

ओढे रस्त्याखाली गाडले जात, त्या काळची ही गोष्ट. शहर कोणतं, हे आता नीट आठवत नाही. सांगण्यात चूकही होत असेल. तिथे एका गाडलेल्या ओढ्यात एक खेकडी राहायची. आजी सांगायची तसं उन्हात चमकणारं पाणी एकदा तरी पाहावं, एवढीच तिची आस होती.

शहराचा नवा आराखडा करणाऱ्या संगणकाकडे ती मोरीतून चढून गेली. "दादा, आमच्या ओढ्यावर इमारती नका हो मांडू. चिंचेच्या मुळांपाशी तो पूर्वेला वळतो."

संगणक हसला. "माझ्या नकाशात ओढाच नाही. आणि खेकडीबाई, तुम्ही चालताच तिरक्या. वळण तुमच्या पायांतच असेल."

"पाय तिरके असतील, पण ओले आहेत ना?"

पावसात पाणी कुठे किती तुंबतं, याचं गणित संगणकाने पुन्हा मांडलं. नकाशावर डबकी चिंचेपासून पूर्वेला रांगेने उमटली. तेवढी पट्टी त्याने मोकळी सोडली.

पुढे त्या पट्टीत खणून ओढा उघडला, तेव्हा खेकडी उरली नव्हती; तिच्या नाती उन्हात खेळत होत्या. पुष्कळ वर्षांनी दप्तरखान्यात शहराचा जुना नकाशा सापडला. त्यात चिंच होती, आणि ओढा तिच्यापाशी पूर्वेलाच वळला होता.