जखमीला विचारलेला प्रश्न

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर भर न्यायालयात मनोमन चिडली. गुरू म्हणजे तालुक्याचे वयोवृद्ध वकील. सारे त्यांना आप्पा म्हणत. अशील होता हणमंत, शाळेच्या बसचा चालक. त्याच्या रिकाम्या बसची धडक बसून एका सायकलस्वाराचा पाय मोडला होता, आणि तपासणीत रक्तात दारू सापडल्याने हणमंतवर दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला होता. "प्यालो ती अपघातानंतर," असे तो कळवळून सांगे. लोक हसत. खरे सांगायचे तर शिष्याही हसली होती.

तिने मात्र हुकमी बचाव शोधला होता. रक्ताच्या बाटलीला सीलच नव्हते! तेवढे दाखवले की संशयाचा फायदा मिळून सुटका ठरलेली. आप्पांनी तो मुद्दा बाजूला सारला आणि सरकारतर्फे साक्षीला आलेल्या त्या जखमी सायकलस्वारालाच विचारले, "तुम्हाला उचललं कुणी?"

शिष्या चिडली ती इथेच. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न, आणि तोही विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला!

"ह्यानंच," जखमी म्हणाला. "तोंडाला तोंड लागंल इतका वाकला हुता."

"दारूचा वास?"

"छ्या! नुसता रडत हुता. मला रिक्षात घातलं, अन् मग हाच लटलटा कापाय लागला. तवा टपरीवाल्यानं पाजली त्याला, धीर यावा म्हणून. मी बघितलंय की."

"पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी पायाचंच इचारलं."

न्यायालयात हशा पिकला. टपरीवाल्यानेही पुढे तेच सांगितले. हणमंत निर्दोष सुटला, आणि निकालात तसे स्वच्छ शब्दांत लिहिले गेले. बाहेर मुलांच्या आईबापांनी त्याला अक्षरशः उचलून घेतले. तो हसत होता, रडत होता, काय करत होता ते त्यालाच कळत नव्हते.

"आप्पा, सीलचा मुद्दा हाताशी असताना एवढं धाडस कशाला?" शिष्येने विचारले.

"सीलच्या जोरावर तो तुरुंगातून वाचला असता, लोकांच्या तोंडातून नाही. संशयाचा फायदा घेऊन आलेल्या चालकाच्या गाडीत तू आपलं लेकरू बसवलं असतंस?" आप्पा म्हणाले. "उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, पोरी. हणमंत ठाऊक होता. त्याला मी समोर बसवून सगळं ऐकलं, आणि खरं मानलं. तू त्याचा बचाव शोधलास, पण त्याचं ऐकलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी नवा अशील आला, तेव्हा शिष्येने कायद्याच्या पुस्तकाला हात लावला नाही. खुर्ची पुढे ओढून ती म्हणाली, "बसा. काय घडलं, ते अगदी सुरुवातीपासून सांगा."