दोन हौसा

घाटाखालच्या मुलखात हौसा नावाची एक कासारीण होती. गावोगाव हिंडून ती बायकांना बांगड्या भरायची. हिरवंगार लुगडं, रुपयाएवढं कुंकू आणि "या गं लेकींनो, हात भरा!" अशी खणखणीत हाळी. ती ऐकली की बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या. बांगडी चढवता चढवता हौसा त्यांच्या माहेरच्या गोष्टी काढायची, त्यामुळे हात दुखतोय हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. कुणा लेकीचा माहेरी निरोप असला, तर तोही ती आठवणीनं पोचवायची.

एकदा ती एका गावात शिरली, तर बायका म्हणाल्या, "अगं, परवाच तर येऊन गेलीस की!"

हौसाला काही उमगेना. मग कळलं, दुसरीच एक कासारीण तसंच लुगडं नेसून, तसंच कुंकू लावून, तीच हाळी देत फिरतेय. नाव विचारलं तर हौसाच सांगतेय. आता बोला! वर्षातून एकदोनदा येणाऱ्या बाईचा चेहरा कोण निरखून बघतंय? हाळी ओळखीची वाटली की झालं.

हौसानं याचा भारी धसका घेतला. हाळी द्यायला तोंड उघडलं की वाटायचं, हे आपलं की तिचं? त्या बाईसारखं दिसायला नको म्हणून तिनं हिरवं लुगडं सोडून करडं नेसलं. कुंकू बारीक केलं. हाळी टाकली. माहेरच्या गोष्टीही बंद केल्या, न जाणो, त्याही ती उचलायची! मुकाट्यानं बांगड्या भरायच्या आणि उठायचं. घरी आल्यावर मात्र जीव कासावीस व्हायचा. गेलेल्या माणसाची यावी तशी तिला स्वतःचीच आठवण यायची.

पुढं तर एका गावात एक म्हातारी म्हणाली, "नको बाई, आम्ही आमच्या हौसाकडूनच भरतो." हौसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ती टोपली उचलत होती, तोच कौतिका नावाची नवी सून दाराआडून हळूच म्हणाली, "मावशी, हौसा भेटली तर विचारशील? लेकींचे निरोप ती माहेरी पोचवते म्हणतात. माझाही घेऊन गेली. मी रोज वाट बघते गं, पण न्यायला कुणी आलं नाही."

हौसा चिडली. निरोप घेतला त्या भवानीनं, आणि बोल लागला आपल्या नावाला! "मी नव्हेच ती," म्हणून हात झटकावेत असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पोरीचा चेहरा बघून राग विरघळला.

"काय निरोप होता? मला सांग."

"अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा निबर व्हायच्या आत मला न्या म्हणावं."

कौतिकाचं माहेर डोंगरापलीकडे. वाटेत वस्ती नाही, बांगडी खपायचं नाव नको. तरी हौसा तशीच निघाली आणि तिन्हीसांजेला दारात उभी राहिली. कौतिकाच्या आईनं तिला आधी कधी पाहिलेलं नव्हतं, निरोप पोचवणारी म्हणून नुसतं नाव ऐकलं होतं. निरोप ऐकताच आईनं पदर डोळ्यांना लावला आणि हौसाचे दोन्ही हात धरले.

"डोंगर चढून परक्या लेकीचा निरोप आणलास! म्हणजे तू हौसा. दुसरं कोण येणार?"

किती दिवसांनी ते नाव हौसाला आपलं वाटलं! "होय गं बाई, मीच हौसा," असं म्हणून ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पोटभर रडली.

तात्पर्य: आपलं नाव, बोलणं, रूप कुणीही उचलून नेईल, पण दुसऱ्यासाठी तळमळणारं मन कुणाला उचलता येत नाही. म्हणून नक्कल करणाऱ्याच्या धाकानं आपण आपल्याला टाकून देऊ नये.