नकाशातला एक किलोमीटर

करवंदवाडीच्या शाळेचा पट नऊवर आला, तशी ती बंद करायला शिक्षण खात्याचे साहेब जीपने येऊन धडकले. पालक समितीच्या अध्यक्षा लहानबाई भांगरे यांनी ठरावावर सही केली, की शाळेला कुलूप लागणार होतं. लहानबाईंची लेक दुसरीत. सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"अहो बाई, नऊ पोरांसाठी कुणी शाळा चालवतं का? पलीकडची शाळा एका किलोमीटरवर आहे. हा नकाशा, मी स्वतः मोजलाय!"

लहानबाईंनी पट्टीने ओढलेली रेघ पाहिली. ती सरळ दरीवरून पलीकडे गेली होती. रस्ता चौदा किलोमीटरांचा होता.

"करते की सही," त्या म्हणाल्या, "पण त्या शाळेत बसून. जीप रस्त्यानं पाठवा. आपण पोरांना घेऊन या रेघेवरून चालत जाऊ. तुम्ही पुढं व्हा साहेब, वाट तुम्हालाच ठाऊक."

साहेब कड्यापर्यंत गेले, खाली डोकावले आणि झटकन मागे सरले.

"अंतर पुन्हा मोजावं लागेल," ते पुटपुटले.

"मोजा की सावकाश. तोवर पोरं इथंच शिकतील."