आभाळाचं पान

चूक बापाची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या गावात ही गोष्ट सांगतात तेव्हा चूक कधी मुलीची असते, कधी चुलीची, कधी लाखेची. बापाची कधीच नसते.

तर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला पत्त्यांचं वेड होतं. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. तळहाताएवढी गोल पानं, कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून केलेली, वर रंग, रंगावर लाखेचा चकाकता हात. प्रत्येक पानावर कधी कुणी न पाहिलेला एक जीव. आगीचा आग्या वेताळ, पाण्यातली आसरा, मातीचा डोंगरगिळ्या, वाऱ्याची भोवरी चेटकीण. आणि सगळ्यांच्या वर आभाळाची पानं: दोन तोंडांचा गंडभेरुंड, पंखांचा शरभ, ढगांचा हत्ती.

डावाला बसायचं तर पाच पानं लागत. मातीचं एक, पाण्याचं एक, आगीचं, वाऱ्याचं आणि आभाळाचं. चार घेऊन आलेल्याला चटईवर जागा नसे. ज्याची त्यानं पानं जमवायची, आणि समोर बसलेल्याचं पान उसनं घ्यायचं नाही. असा नियम होता.

पहिली चार पानं पोरं आपापसांत बदलून मिळवत.

"तुझा आग्या वेताळ दे, माझ्या दोन आसरा घे."

"दोन कसल्या? एकीचं नाक पुसलंय."

"पाण्यात राहते ती. तिला नाक कशाला हवंय?"

असं चालायचं. पण आभाळाचं पान असं मिळत नसे. ते चितारी देई, जत्रेत डाव जिंकणाऱ्याला. चितारी म्हणजे ही पानं रंगवणारा म्हातारा. दर माघात तो खाली उतरे, गावच्या जत्रेत चटई टाके आणि जो कोणी पाच पानं घेऊन येईल त्याच्याशी खेळे.

आता हे बघा. आभाळाचं पान जिंकायचं तर डाव खेळायला हवा, आणि डाव खेळायचा तर आधी आभाळाचं पान हवं. पूर्वी यावर एक साधा उपाय होता. ज्याच्याकडे आभाळाचं पान असे तो ते पुढच्या पोराला एका डावापुरतं देई. पोर जिंकलं की पहिलं पान परत आणि नवं त्याचं. गावातले सगळे म्हातारे याच रीतीनं चटईवर बसले होते. बसले, जिंकले, पानं घरी नेली, पेट्यांत घातली आणि पेट्या बंद केल्या. मग कुणीतरी म्हणालं की हात लागला की लाख मळते. दुसरा म्हणाला, न खेळलेलं पान खरं पान. झालं. रीत मेली. तिला कुणी मारलं असं कुणीच म्हणत नाही.

त्यानंतर जत्रेत चितारी दरवर्षी रिकाम्या चटईसमोर बसे आणि म्हातारे बाजूला उभे राहून सुस्कारे टाकत, "हल्लीच्या पोरांना खेळात रसच नाही."

या म्हाताऱ्यांत सगळ्यात मोठी पेटी आपल्या गोष्टीतल्या बापाची. शिसवी लाकडाची, फटी खळीनं बुजवलेली. ओल लागू नये, कसर लागू नये म्हणून त्यानं ती चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवली होती, कारण घरात सगळ्यात कोरडी जागा तीच. संध्याकाळी त्याचे सोबती पेटी बघायला येत. पानं नव्हे, पेटी.

"यात गंडभेरुंड आहे," बाप म्हणे.

"वा!"

"आणि शरभ. आणि ढगांचे दोन हत्ती."

"वा, वा. उघडून दाखवतोस?"

"उघडली की वारा लागतो."

"ते बरोबर. वारा लावू नये."

मग ते चहा पिऊन, पेटीकडे एकदा मान वर करून बघून घरी जात.

या बापाला एक मुलगी होती. ती पानांत वाढली होती, म्हणजे हातातल्या पानांत, पेटीतल्या नव्हे. तिची चार पानं कडेला झिजून मऊ झाली होती. तिच्या आग्या वेताळाची एक ज्वाळा पुसली गेली होती, ती तिनं स्वतः काजळी आणि हळद कालवून पुन्हा रंगवली होती, आणि कुठली ज्वाळा तिची आणि कुठली चिताऱ्याची हे कुणाला ओळखू येत नव्हतं. रांगोळी असो, भिंत असो, तिच्या बोटातून जीव उतरत. तिला चिताऱ्याकडे शिकायला जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी चिताऱ्यानं निरोप धाडला: हात थरथरायला लागलाय, शागीर्द हवा. यंदा जो माझ्याविरुद्ध डाव जिंकेल त्याला मी डोंगरावर घेऊन जाईन आणि सगळं शिकवीन.

मुलगी बापापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, एक पान द्या. जत्रेपुरतं."

"कसलं पान?"

"आभाळाचं. कुठलंही चालेल. ढगांचे हत्ती दोन आहेत ना? त्यातला एक द्या."

"दोन आहेत म्हणून जोडी आहे," बाप म्हणाला. "एक दिलं की जोडी गेली."

"मी परत आणीन."

"आणशील गं. पण बोटाचे डाग घेऊन आणशील. हाताळलेलं पान म्हणजे गेलेलं पान."

"मग न हाताळता करायचं काय असतं त्याचं?"

"जपायचं."

मुलगी म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा चटईवर बसलात तेव्हा आभाळाचं पान कुणाचं होतं?"

"मामाचं."

"मग?"

"तेव्हाचं वेगळं होतं."

काय वेगळं होतं ते त्यानं सांगितलं नाही. अशी माणसं सांगत नाहीत. "आणि हे सगळं शेवटी कुणाचं आहे? तुझंच ना?" तो म्हणाला. "माझ्यानंतर सगळी पेटी तुझीच."

"मला पेटी नको, बाबा. एक पान हवंय, आणि ते जत्रेला हवंय."

"हट्टी आहेस," बाप म्हणाला आणि विषय संपवला. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. तिसऱ्या दिवशी आई मध्ये पडली: "अहो, द्या की. त्या पेटीला काय डोहाळे लागलेत?" बाप जेवण अर्धं टाकून उठला.

जत्रेचा दिवस आला. चिताऱ्यानं चटई टाकली. मुलगी आपली चार पानं घेऊन चटईच्या कडेला उभी राहिली. कशाच्या आशेवर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

म्हातारे नेहमीच्या जागी उभे होते. त्यातला एक जण बापाला म्हणाला, "काय रे, पोरगी तिथं चार पानं घेऊन उभी. तुझ्या पेटीत खरंच गंडभेरुंड आहे, की कोंबडीचं पीस?"

बाकीचे हसले.

पोरीनं मागितलं तेव्हा जो माणूस हलला नव्हता, तो या हसण्यानं हलला. तडक घरी गेला, माळ्यावरून पेटी उतरवली, डोक्यावर घेतली आणि गर्दीतून वाट काढत आला. मुलीनं त्याला येताना पाहिलं. तिला वाटलं, आपल्यासाठी. तिनं चटईवर बसून चार पानं मांडलीसुद्धा आणि पाचव्याची जागा हातानं पुसून घेतली.

बापानं पेटी चिताऱ्यासमोर ठेवली, खळ खरवडली आणि झाकण उघडलं. म्हाताऱ्यांनी माना पुढे काढल्या.

आत पानं नव्हती. आत एक वीट होती. इतकी वर्षं चुलीची धग खाऊन लाख वितळली होती, थिजली होती, पुन्हा वितळली होती, आणि वरपासून खालपर्यंत सगळी पानं एकमेकांत मुरून एक लाल-काळा गोळा झाला होता.

चिताऱ्यानं तो उचलला, नखानं वरचं पान सोडवून बघितलं. गंडभेरुंडाचं एक तोंड निघून आलं, दुसरं खालच्या पानाच्या पाठीलाच राहिलं.

"ही आता सुटायची नाहीत," चितारी म्हणाला.

मुलगी उठली नाही. तिनं मान वर करून म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "काका, तुमच्या घरी शरभ आहे ना? एका डावापुरता द्या. इथंच सगळ्यांसमोर खेळते, इथंच परत करते. आजोबा, तुमच्याकडे? कुणाकडेही?"

म्हाताऱ्यांनी पेटीतल्या विटेकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्याही पेट्या चुलीवरच्या माळ्यावरच होत्या. एक जण वळला आणि भराभरा घराकडे निघाला. दुसरा त्याच्या मागे. बघता बघता सगळे पांगले. मुलीला वाटलं, पान आणायला गेले.

ते पेट्या चुलीवरून काढून पलंगाखाली ठेवायला गेले होते. ज्यांची पानं अजून चिकटली नव्हती त्यांनी ती नीट मोजून पुन्हा बंद केली. परत कुणीच आलं नाही.

ऊन उतरेपर्यंत मुलगी चटईवर बसून होती. चिताऱ्याच्या थैलीत आभाळाची पानं भरपूर होती. तिची रंगवलेली ज्वाळा त्यानं दोनदा हातात घेऊन निरखली. "कुणी केली?" त्यानं विचारलं. "मी," ती म्हणाली. त्याला वाईट वाटलं. पण समोरच्याचं पान घेऊन खेळायचं नाही हा नियम त्याच्या आज्यानं केला होता, आणि आज्याचा नियम मोडण्याएवढं वाईट त्याला वाटलं नाही.

"पुढच्या वर्षी ये," तो म्हणाला आणि चटई गुंडाळली.

पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याचा हात पुरता गेला होता. शागीर्द मिळाला नव्हता, म्हणून त्याच्यानंतर पानं कुणी रंगवली नाहीत.

जत्रेच्या संध्याकाळी बाप ओसरीवर वीट मांडीवर घेऊन बसला होता. मुलगी पायरी चढून आली तेव्हा म्हणाला, "तू मागे लागली नसतीस तर मी पेटी उघडलीच नसती. उघडली नसती तर आत सगळं होतं तसंच राहिलं असतं."

मुलीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "आतमध्ये काहीच नव्हतं, बाबा," ती म्हणाली आणि आईला पाणी भरून द्यायला आत गेली. आपली चार पानं तिनं शेजारच्या लहान पोरांना देऊन टाकली. गावातली पोरं अजून नाकावरून भांडतात. ती चांगली खेळतात. चटईवर मात्र त्यांतलं कुणी बसणार नाही.

गावात या गोष्टीचं तात्पर्य असं सांगतात, की पेटी चुलीवर ठेवू नये. ते म्हाताऱ्यांचं तात्पर्य झालं. मुलांनी हे लक्षात ठेवावं: जे मागणाऱ्याच्या वेळेला दिलं नाही, ते आपल्यानंतर त्याचं होत नाही, ते कुणाचंच राहत नाही. मोठ्यांनीही लक्षात ठेवायला हरकत नाही, पण ते ठेवायचे नाहीत.

बापाची पानं गेली आणि मुलगीही गेली. ती घरातच होती, त्याला दोन्ही वेळा वाढायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. त्यापलीकडे ती त्याच्याशी कधी बोलली नाही. तो त्यानंतर बरीच वर्षं जगला.