सोणकाच्या अंगणातली हाक

पूर्वी तगर नगरात सुजात राजा राज्य करत होता, तेव्हाची गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व एका गाढवीच्या पोटी आले होते. कोणत्याही योनीत गेले तरी बोधिसत्त्वांचा विवेक शाबूत राहतो. आवाजाची मात्र तशी हमी नसते. ते एकदा ओरडले की नदीपलीकडचा तेली उजाडलं समजून उठायचा, घाण्याला बैल जुंपायचा, आणि मग त्याच्या लक्षात यायचं की अजून कोंबडाही आरवला नाही.

ते सोणक नावाच्या कुंभाराकडे होते. सोणकाची बायको वारली त्याला बराच काळ लोटला होता, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचा आणि गाढवाशी तेवढंही नाही. माती आणायची, चाकावर धरायची, आव्यात भाजायची. संध्याकाळी पेज करायची आणि एकट्याने प्यायची. आपलं बरं चाललंय असं त्याचं मत होतं. दुसरं कुणाचं मत विचारायला घरात कुणी नव्हतं.

सुजात राजा मनाने चांगला होता. आईबाप नसलेली पोरं रस्त्यावर झोपतात हे पाहून त्याने एक भलंमोठं बालभवन बांधलं. तिथे पोरं उत्तरेच्या अंगणात राहायची, पोरी दक्षिणेच्या. ताटं सारखी, घोंगड्या सारख्या. कुणी मारत नव्हतं, कुणी उपाशी ठेवत नव्हतं. फक्त एखादं पोर झोपेतून दचकून उठलं, तर कुणाच्या कुशीत शिरायचं हे त्याला ठाऊक नसायचं.

राजाचा नियम सोपा होता. दिवेलागणीला ज्या पोराला कुठल्या तरी घरातून जेवायला हाक येते, ते पोर त्या घरचं. ज्याला हाक येत नाही, ते भवनाचं. हे बघत भद्रक नावाचा शिपाई रोज संध्याकाळी गल्लीबोळांतून फिरायचा.

त्या साली तापाची साथ आली. विणकरांच्या आळीतले नवरा-बायको त्यात गेले आणि मागे दोन पोरं राहिली, अनुला आणि तिचा धाकटा भाऊ तिष्य. एका सकाळी सोणक आवा पेटवायला गेला, तर शेजारच्या कोमट राखेत ही दोघं झोपलेली.

"उठा," सोणक म्हणाला. "आवा पेटवायचाय."

"पेटवा की," अनुला म्हणाली. "आम्ही सरकतो."

दोघं सरकली आणि तिथेच राहिली. अनुला गाढवाला पाणी दाखवायची. तिष्य त्याच्या कानात काहीबाही सांगायचा आणि बोधिसत्त्व शहाण्या माणसासारखे ऐकून घ्यायचे. सोणकाने त्यांना राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पेज मात्र रोज चुकून जास्त व्हायला लागली. नावं त्याने विचारली नाहीत. तिला तो 'अगं ए' म्हणायचा, त्याला 'तो बारका'.

एका संध्याकाळी भद्रक अंगणात आला.

"ही कुणाची?"

"मला काय माहीत," सोणक म्हणाला.

"हाक आली नाही तर न्यावी लागतील. पोरगी दक्षिणेला, पोरगं उत्तरेला."

"भेटतील ना एकमेकांना?"

"सणासुदीला."

तिष्याने बहिणीच्या कमरेला मिठी घातली. सोणकाने चाकाकडे पाहिलं. तेवढ्यात बोधिसत्त्वांनी मान वर केली आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले. रोजची ही वैरणीची वेळ होती, त्यामुळे दोन्ही पोरं सवयीने धावत त्यांच्याकडे गेली.

भद्रक विचारात पडला. "हाक घरातूनच आली," तो म्हणाला.

"ते गाढव आहे."

"नियमात घर म्हटलंय. गळा कुणाचा, ते म्हटलेलं नाही." आणि तो पुढच्या गल्लीला लागला.

मग हे रोजचंच झालं. दिवेलागण झाली की गाढव ओरडायचं, पोरं धावायची, भद्रक मान हलवून निघून जायचा. आळीतल्या बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "सोणका, तुझ्या गाढवाला दोन पोरं झाली म्हणे. आईवर गेलीत का बापावर?" सोणक घागर भरून निघून यायचा.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्याला अभिमान वाटला. आपल्या राज्यात गाढवंसुद्धा पोरं सांभाळतात, असं तो परराज्याच्या दूतांना सांगू लागला. शेवटी त्याने ठरवलं की आपण स्वतः येऊन ती हाक ऐकायची आणि गाढव ओरडलं की त्याला बालभवनाचा अधिपती करायचं. गळ्यात सोन्याची घंटा, रोज भिजवलेले हरभरे, पाठीवर ओझं म्हणून नाही.

निरोप घेऊन भद्रक आला. सोणकाने चाक थांबवलं.

"मग पोरांचं काय?"

"गाढव अधिपती झालं की पोरं त्याच्याबरोबर भवनात."

"आणि ओरडलं नाही तर?"

"मग ती बेवारस. तरीही भवनात."

"म्हणजे कसंही केलं तरी एक उत्तरेला, एक दक्षिणेला."

"नियमात तसंच बसतं."

सोणक जरा वेळ बोटांची माती काढत बसला. "एखाद्या माणसाने हाक मारली तर?"

"मग काही प्रश्नच नाही," भद्रक म्हणाला. त्याने अंगणात चहूकडे नजर फिरवली, आव्यामागेही डोकावून पाहिलं. "पण इथे माणूस आहे कुठे?"

त्या दिवशी सोणकाच्या हातून एकही मडकं सरळ उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजा लवाजम्यासह आला. अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. सेवकाच्या हातात मखमली गादीवर सोन्याची घंटा होती. मधोमध अनुला आणि तिष्य हात धरून उभी होती. दिवे लागले. सगळ्यांनी गाढवाकडे पाहिलं.

बोधिसत्त्व रवंथ करत होते. गाढवं रवंथ करत नाहीत, हे तिथल्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

राजा थांबला. प्रधान खाकरला. भद्रकाने आधी भुवया उडवल्या, मग वैरणीची पेंढी दाखवली, मग हळूच स्वतःच ओरडून दाखवलं. बोधिसत्त्वांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि तोंड मिटलं.

"आज काही येत नाही वाटतं," राजा हिरमुसून म्हणाला. "चला. पोरांना घ्या."

एक शिपाई तिष्याच्या उजवीकडे उभा राहिला, एक अनुलाच्या डावीकडे. तिष्य रडला नाही. त्याने फक्त बहिणीची बोटं मोजून पाहिली, सगळी आपल्या हातात आहेत ना म्हणून.

सोणकाने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. घरात कुणाला हाक मारायची सवयच राहिली नव्हती. त्याने पुन्हा उघडलं, आणि जो आवाज निघाला तो ऐकून राजाच्या घोड्याने कान मागे टाकले.

"अनुला. तिष्या. जेवायला या. पेज निवतेय."

नावं त्याला कधी पाठ झाली, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"आपल्यालाच?" तिष्याने विचारलं.

"मग आणखी कुणाला," अनुला म्हणाली. "चल, आधी हात धू."

दोघं शिपायांच्या मधून निघाली आणि रांजणापाशी गेली. भद्रक राजापुढे वाकला. "महाराज, नियमात बसतं." त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरकारी होता.

राजा गाढवापाशी गेला. "तू का बोलला नाहीस? भवन तुझं झालं असतं."

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलले. "महाराज, मला दोन नावं पुरतात. शंभर पोरांना एकदम हाक मारली की ती हाक राहत नाही, नुसतं ओरडणं होतं. ते मला घंटेशिवायही येतं."

"मग माझ्या भवनातल्या पोरांनी काय करायचं?"

"तगरात चुली पुष्कळ आहेत. भवनात जाणारं धान्य त्या घरांना द्या. भावंडं तोडू नका. आणि भद्रकाला फिरू द्या. हाक प्रेमाची आहे की दिखाव्याची, ते त्याला आता कळतं."

राजाने तसं केलं. हळूहळू तेल्यांकडे, रंगाऱ्यांकडे, माळ्यांकडे पोरं राहायला गेली. राजवाड्यातही एक मुलगी आली. ती पहिल्या संध्याकाळी जेवायला येईना, तेव्हा राजा सज्ज्यात उभा राहून घसा बसेपर्यंत हाका मारत होता. भवन रिकामं झालं. तिथे गाढवं बांधावीत अशी सूचना प्रधानाने केली, पण ती बाजूला ठेवण्यात आली.

त्या हाकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोणक मातीच्या गोण्या लादायला आला. त्याने एक गोणी कमी लादली, मग गाढवाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

"तुझे उपकार झाले," तो म्हणाला.

"मी काही केलं नाही, मालक."

"तेच म्हणतोय," सोणक म्हणाला.

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना ओळख पटवून दिली. तेव्हाचा सुजात राजा म्हणजे आता विहाराला धान्य पुरवणारा श्रेष्ठी धनमित्र. भद्रक म्हणजे भिक्षूंना नियम समजावून सांगणारा स्थविर सुव्रत. अनुला आणि तिष्य या जन्मीही भावंडंच आहेत, भिक्षुणी विमलप्रभा आणि भिक्षू पुष्यमंगल. सोणक म्हणजे आजारी भिक्षूंच्या उशाशी बसणारा, फारसं न बोलणारा उपासक कुंडिन. आणि गाढव तो मी.

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जी पारमिता, म्हणजे जो परम सद्गुण, जोपासली तिचं नाव मैत्री. जे प्रेम आपल्याला देता येतं, ते द्यायची संधी दुसऱ्यालाही मिळावी म्हणून थोडा वेळ गप्प राहणं, हीसुद्धा मैत्रीच.