विमानाचं इंजिन आणि वेणूची सोयरीक

एका गावात एक भोळा लिंबाजी राहायचा. गावात भोळे तसे बरेच होते, पण लिंबाजी पारावर येऊन बसला की बाकीचे सगळे शहाणे दिसायचे. म्हणून गाव त्याला जपून होतं.

लिंबाजीच्या घरात आई आणि धाकटी बहीण वेणू. वेणूला रविवारी बघायला येणार होते. मुलगा मधुसूदन, तालुक्याच्या शाळेत गणिताचा मास्तर. वेणूनं तो आधीच पाहिला होता. मावसबहिणीच्या लग्नात तिनं दोनदा मागितल्यावर त्यानं मठ्ठा वाढला, आणि तिसऱ्यांदा न मागता. तेव्हापासून वेणूला दुसरा कोणी नको होता.

वेणू म्हणाली, "दादा, हे जमलंच पाहिजे बरं का. तू काही करू नकोस."

"काही म्हणजे काय काय करू नको?"

वेणू आईकडं बघायला लागली. आई म्हणाली, "लिंबाजी, तू आपला रविवारपर्यंत टीव्हीपुढं बस. शहाणी माणसं कशी कामं करतात बघ. रोज एक गोष्ट शीक, आणि शिकलास ती कामाला लाव."

लिंबाजी बसला. टीव्हीवर बुधवारपासून रोज चार वाजता एक कार्यक्रम लागायचा. विमानाचं इंजिन कसं बनतं. पाच दिवस, पाच भाग. माहिती सांगणाऱ्याचा आवाज इतका भारदस्त की लिंबाजीनं कीर्तनाला बसल्यासारखे हात जोडले.

बुधवारी तो आवाज म्हणाला, "इंजिन जोडतात त्या खोलीत धुळीचा एक कणही चालत नाही. आत जाण्यापूर्वी प्रत्येकानं स्वच्छ व्हायचं. डोक्याला टोपी, पायांत मोजे."

कार्यक्रम संपला तशी आई म्हणाली, "जा, म्हशीची धार काढ."

लिंबाजीनं म्हशीला वेणूच्या वासाच्या साबणानं अंघोळ घातली. चार पायांत चार मोजे चढवले. टोपी कुठं घालावी याचा त्यानं बराच विचार केला. म्हशीला शिंगं दोन. मग दोन टोप्या. म्हशीनं हे सगळं सोसलं. पण दुसरी टोपी बसली तशी तिनं बादली लाथाडली, दावं तोडलं आणि भर बाजारातून मोजे घालून निघून गेली. कुत्री भुंकायची विसरली.

"आरं मेल्या, म्हशीला कसले मोजे!" आई ओरडली. "टीव्हीतलं जनावरांना लावायचं नसतं. त्यापेक्षा भांड्याकुंड्यांकडं बघ. पाहुणे यायचेत."

"बरं," लिंबाजी म्हणाला. "जनावरांना नाही. भांड्यांना."

गुरुवारी तो आवाज म्हणाला, "इंजिनातली पाती इतक्या भयंकर उष्णतेत फिरतात, की ती वितळूनच जायला हवीत. पण वितळत नाहीत. कारण त्यांना बारीक बारीक भोकं पाडलेली असतात. त्या भोकांतून हवा खेळते आणि पातं गार राहतं."

आईनं पेढ्यांसाठी पाच शेर दूध चुलीवर चढवलं होतं. "लिंबाजी, मी जरा शेजारी जाऊन येते. दूध तळाला लागू देऊ नको."

लिंबाजीनं दूध बादलीत ओतलं. पातेलं पालथं घातलं. बारीक खिळा घेतला आणि तळाला चाळीस भोकं पाडली. मग पातेलं चुलीवर ठेवून दूध परत ओतलं. चूल एकदा चर्र म्हणाली आणि गप्प झाली.

आई आली. "लागलं नाही ना रे तळाला?"

"अजिबात नाही."

"दूध कुठाय?"

"ते मला नाही ठाऊक. पण पातेलं बघ कसं गार आहे. हात लाव, हात लाव."

आईनं हात लावला, पण पातेल्याला नाही. "भांड्याची चाळण केलीस! भांड्यांना हात लावशील तर याद राख. आजपासून नुसती खायच्या जिनसांवर नजर ठेव. मांजर टपलंय."

"बरं," गाल चोळत लिंबाजी म्हणाला. "भांड्यांना नाही. खायच्या जिनसांना."

शुक्रवारी तो आवाज म्हणाला, "काम सुरू करताना सगळी हत्यारं मोजायची. काम संपलं की पुन्हा मोजायची. एक पाना जरी कमी भरला, तरी तयार झालेलं अख्खं इंजिन खोलायचं आणि शोधायचं."

त्या दिवशी पेढे नाहीत म्हणून आई आणि वेणूनं बेसनाचे ऐंशी लाडू वळले. लिंबाजीनं सुरुवातीला चमचे मोजले. सहा. लाडू झाले. मोजले. पाच. आई शेजारी गेली होती. वेणू पाणी आणायला गेली होती. विचारायचं कुणाला? लिंबाजीनं पहिला लाडू खोलला. त्यात चमचा नव्हता. बेदाणा होता. मग दुसरा खोलला.

ऐंशीवा खोलून होतोय तोच आई दारात आली. चव दाखवायला म्हणून तिनं चमचाभर बेसन शेजारी नेलं होतं. चमचा हातातच होता.

"सापडला!" लिंबाजीला भरून आलं. "आई, लाडू आता सुरक्षित आहेत."

परातीत ऐंशी लाडवांच्या चुऱ्याचा ढीग होता. वेणू पाणी घेऊन आली. घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि पुन्हा वळायला बसली. वळता वळता तिचे डोळे भरून येत होते आणि ती ते मनगटानं पुसत होती. आईला ते बघवेना. "लिंबाजी, खायच्या जिनसांपासून लांब हो. तू आता नुसतं माणसांचं बघ. रविवारी पाहुणे आले, की त्यांना नीट समोरासमोर बसव. तेवढंच तुझं काम."

"बरं. जिनसांना नाही. माणसांना."

शनिवारी तो आवाज म्हणाला, "प्रत्येक पातं तोलून घेतात. एका पात्याच्या समोर तेवढ्याच वजनाचं पातं बसवतात. तोल जरा चुकला, तरी इंजिन थरथरून मोडून पडेल."

रविवारी तीन वाजता पाहुणे आले. मधुसूदन, त्याचे वडील बाजीतात्या आणि तात्यांच्या थोरल्या भगिनी, आत्याबाई. लिंबाजी उंबऱ्यातच उभा होता. शेजारी कांद्याची पोती तोलायचा काटा.

"या, बसा," लिंबाजी म्हणाला. "आधी ह्यावर."

पाहुण्यांना वाटलं, या गावची रीत असेल. एकेक जण चढला. लिंबाजी मोठ्यानं सांगत होता. तात्या एक्कावन्न. आत्याबाई ब्याऐंशी. मग त्यानं आत्याबाईंना भिंतीशी बसवलं, तात्यांना समोर बसवलं, आणि तात्यांच्या मांडीवर तीस किलो कांद्याचं पोतं ठेवलं. पोत्यावर एक किलो गूळ.

"हे काय?" पोत्याआडून तात्या म्हणाले.

"आता घर थरथरणार नाही."

वेणू दाराआड डोळे मिटून उभी होती. आणि मग पोतं हलायला लागलं. तात्या हसत होते. हसता हसता गूळ घरंगळला, पोतं आडवं झालं, तरी तात्या हसतच होते. "मधू, मेहुणा मोठा गमत्या मिळतोय रे तुला!"

आत्याबाई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "काटा खोटा आहे."

वेणूनं पोहे आणले. मधुसूदननं दोनदा मागून घेतले. तिसऱ्यांदा वेणूनं न विचारता वाढले. तात्यांनी ते बघितलं आणि बशी खाली ठेवली. "आम्हाला मुलगी पसंत आहे. तुमचं सांगा. लगेच सुपारी फोडू."

आईला काय करू नि काय नको झालं. तिनं लिंबाजीला बाजूला ओढलं. "माणसं तोलतात होय रं? वडीलधाऱ्यांच्या वाटेला पुन्हा जाऊ नको. तू मुलीचा भाऊ. तू मुलाचं बघ. त्याला नीट पारखून घे, म्हणजे झालं. मी सुपारी आणते."

"बरं. वडीलधाऱ्यांना नाही. मुलाला."

आई माजघरात गेली. तेवढ्यात चार वाजले. लिंबाजीनं टीव्ही लावला.

तो आवाज म्हणाला, "आता शेवटची परीक्षा. इंजिन पूर्ण वेगात चालू करतात आणि त्यावर कोंबडी फेकतात. आकाशात पक्षी धडकला तर काय होईल, हे आधीच कळावं म्हणून. एवढं होऊनही जे थांबत नाही, तेच इंजिन पास."

मधुसूदन अंगणात हात धूत होता. लिंबाजी खुराड्याकडून आला.

"दाजी, जरा पळता का?"

"कुठं?"

"कुठं नाही. नुसतं. पण पूर्ण वेगात."

"कशासाठी हो?"

"वेणूसाठी."

वेणूसाठी म्हटल्यावर मधुसूदन लाजला. मग हसला आणि अंगणातल्या अंगणात हलकेच पळायला लागला. दुसरी चक्कर पुरी झाली तेव्हा पहिली कोंबडी त्याच्या पाठीवर येऊन बसली. नखांसकट. मधुसूदनला वेग आला. लिंबाजीला तोच हवा होता. त्यानं दुसरी फेकली. ती डोक्यावर बसली. मधुसूदननं कुंपण ओलांडलं. लिंबाजी मागून धावला आणि त्यानं कोंबडा फेकला.

"मधू, थांब!" तात्या ओरडले आणि चप्पल न घालता धावले.

"आरं थांब, थांब!" ब्याऐंशी किलोंच्या आत्याबाई ओरडल्या आणि त्यांच्या मागून धावल्या. जाता जाता त्या म्हणाल्या, "येड्यांचं घर आहे हे! पुन्हा पायरी चढायची नाही!"

आई ताटात सुपारी आणि अडकित्ता घेऊन बाहेर आली. मागून वेणू. अंगणात माणूस नव्हतं. नुसती पिसं उडत होती.

तेवढ्यात लिंबाजी कुंपण ओलांडून परत आला. आईनं विचारलं, "लिंबाजी, मुलगा कुठाय रं?"

लिंबाजीला धाप लागली होती, पण तोंडावर आनंद मावत नव्हता. "आई, फोड सुपारी! दोन कोंबड्या फेकल्या, एक कोंबडा फेकला. बाप थांब म्हणाला, आत्या थांब म्हणाली. पण दाजी थांबले नाहीत! वेणू, मुलगा पास! ओढा ओलांडून पलीकडच्या गावात शिरलाय, आणि अजून चालूच आहे!"